‘नाइन, नॉखमाल’ म्हणणाऱ्या बाई

जर्मनीत एश्बॉर्नला आम्ही राहायचो त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक कोरियन बाई राहत. त्या मुलांसाठी पुस्तकं लिहीत आणि तिकीट तपासनिसाला घाबरत नसत. मला दोन्ही गोष्टी सारख्याच अचाट वाटायच्या.

एस-बानमध्ये, म्हणजे तिथल्या लोकलमध्ये, तपासनीस चढला की आम्ही भारतीय मंडळी, तिकीट खिशात असूनही, गुन्हा कबूल करायला बसल्यासारखी सावरून बसायचो. बाई मात्र जागच्या हलत नसत. तपासनीस काहीतरी म्हणे. त्या त्याच्याकडे शांतपणे बघून म्हणत, ‘‘नाइन. नॉखमाल.’’ म्हणजे, नाही, परत एकदा सांगा. तो परत सांगे, जरा मोठ्यांदा. ‘‘नाइन. नॉखमाल.’’ असं करत करत एकदा त्याचं उतरायचं स्टेशन आलेलं मी पाहिलंय. बाईंच्या पिशवीत तिकीट होतं, महिन्याचा पास होता. ‘‘तो काय म्हणतो ते कळल्याशिवाय मी त्याला काही का दाखवू?’’ असं त्यांनी मला नंतर त्यांच्या मोडक्या इंग्रजीत समजावलं.

डॉक्टर, टपालवाला, भाजीवाला तुर्क, सगळ्यांना हाच न्याय. त्यांचं जर्मन माझ्याइतकंच वाईट होतं. पण त्या ते उघड्यावर वाळत घालत आणि मी इस्त्री करून लपवून ठेवत असे.

माझं सगळं जर्मन दोन शब्दांत मावायचं. ‘‘जा, गेनाऊ.’’ हो, अगदी बरोबर. आमच्या ऑफिसात आम्ही पुण्याहून आलेले बहुतेक जण याच दोन शब्दांवर जगत होतो. जर्मन क्लायंट बोलायचा, आम्ही मान डोलवायचो, ‘‘जा, गेनाऊ’’ म्हणायचो, आणि जागेवर आलो की शेजारच्या साठ्यांना विचारायचो, ‘‘काय म्हणाला हो?’’ साठे म्हणायचे, ‘‘मी तुम्हाला विचारणार होतो.’’ मग दोघं मिळून, तो काय म्हणाला असेल, याचा अंदाज करून सॉफ्टवेअर लिहायचो. ते बऱ्यापैकी चालायचं, त्यामुळे सवय मोडायचं कारणही पडलं नाही.

आमच्या खालीच राहणाऱ्या फ्राउ लिंडनर इमारतीच्या कुणी न नेमलेल्या फौजदार होत्या. त्यांनी एकदा मला जिन्यात गाठून बराच वेळ कशाबद्दल तरी तक्रार केली. मी दर वाक्याला ‘‘जा, गेनाऊ’’ म्हणालो. वर आल्यावर माझी मुलगी रेवा, जी तेव्हा दुसरीत होती आणि माझ्यासोबत जिन्यात उभी होती, बुटांच्या नाड्या सोडता सोडता म्हणाली, ‘‘बाबा, ती म्हणत होती की तुमच्या घरातून हिंगाचा घाण वास येतो.’’ तशीच तक्रार घेऊन फ्राउ लिंडनर कोरियन बाईंकडेही गेल्या, किमचीबद्दल, म्हणजे त्यांच्या आंबवलेल्या कोबीच्या लोणच्याबद्दल. बाईंनी त्यांना ‘‘नॉखमाल’’ म्हटलं, आत नेलं, बरणी उघडली, नाकाखाली धरली आणि विचारलं, ‘‘हा वास? की तो दुसरा?’’ त्यानंतर फ्राउ लिंडनर दर महिन्याला किमचीचा एक डबा घेऊन जायच्या. हिंगाची तक्रार मात्र मीच मंजूर केलेली असल्यामुळे कायम राहिली.

बाईंच्या नवऱ्याची फ्रँकफुर्टजवळच्या एका कोरियन कंपनीत बदली झाली होती, म्हणून त्या इथे. त्यांच्या देशात त्यांची पुस्तकं पोरं पांघरुणात लपवून वाचतात, असं पहिल्या मजल्यावरच्या पार्कने मला सांगितलं होतं. पार्क हाही कोरियन, त्याला दोन मुली. त्या पुस्तकांत म्हणे, वर्गात पहिला येणारा मुलगा शाळेच्या जिन्यात नाहीसा होतो आणि दुसरा येणाऱ्यावर संशय येतो. शिकवणीच्या वर्गात भूत असतं, पण त्याला शिकवणी संपल्याचं कुणी सांगितलेलंच नसतं. भुतं, गुप्तहेर, अंतराळयानं, असला सगळा मसाला. पण तो काढून घेतला की खाली एखादं घाबरलेलं पोर बसलेलं असायचं. हे शेवटचं वाक्य पार्कचं नाही, माझं आहे. ते सुचायला मला फार वर्षं लागली.

बाईंच्या कामाची एक पद्धत होती. इमारतीच्या तळघरात सगळ्यांची मिळून कपडे धुवायची खोली होती, वाश्कुशे. प्रत्येकाला वार लावून दिलेला. बाईंचा गुरुवार. गुरुवारी दुपारी त्या मशीन लावायच्या, आणि मशीन चालू असेपर्यंत मुलांना गोष्ट सांगायच्या. मशीन गरगर पिळायला लागलं की गोष्ट असेल तिथे बंद. मुलं उपड्या टोपल्यांवर बसायची. बाई रेनकोटची टोपी डोक्यावर ओढून, दोरीवर वाळणाऱ्या चादरींच्या मधून येरझारा घालायच्या. गोष्ट जर्मनमध्ये, म्हणजे त्यांच्या जर्मनमध्ये. मुलं दर वाक्याला त्यांच्या चुका सुधारायची. आयुष्यात पहिल्यांदा कुणा मोठ्या माणसाला सुधारायला मिळत होतं, त्यामुळे एकही पोर गैरहजर राहत नसे.

आत जायला फी होती. प्रत्येक मुलानं, पाळी आली की, आपली एक भीती सांगायची. खरी. ‘सापाची भीती’ वगैरे चालायचं नाही. बाई म्हणायच्या, ‘‘नाइन. नॉखमाल.’’ मग पोर जरा वेळ थांबून दुसरी सांगे. ती बाईंना पसंत पडली की पुढचा प्रश्न: हिला काय घालायचं? भुताचे कपडे, चोराचे, की यानाचे? मूल निवडेल त्यात त्या ती भीती गुंडाळायच्या. कुणाची कुठली, हे खोलीबाहेर सांगायचं नाही, असा नियम होता, आणि बाईंनाही फी माफ नव्हती. त्यांचीही पाळी यायची.

आम्हा पालकांना तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं; रेवानं ते मोठी झाल्यावर सांगितलं. आम्हाला वाटायचं, गणित शिकवत असतील.

साठ्यांचा हिशोब सरळ होता. ‘‘अहो, कोरियन बाई आहेत. त्यांची पोरं गणितात जगात पुढे. बाई काहीही शिकवोत, फायदाच आहे.’’ साठेही आमच्याच इमारतीत राहत, त्यामुळे त्यांचा मुलगाही जायचा. माझी बायको मेधा म्हणाली, ‘‘अरे, गोष्टी सांगतात त्या.’’ मी म्हटलं, ‘‘गोष्टींतून शिकवत असतील.’’ पार्कलाही तेच वाटायचं, हे विशेष.

गणिताची आम्हाला घाई होती त्याला कारण होतं. इथे चौथीनंतर पोरांची वाटणी होते. हुशार समजलेली गिम्नाझियमला जातात, तिथून विद्यापीठ. बाकीची रेआलशूलला किंवा त्याच्याही खाली, तिथून कामधंदा शिकायला. शिक्षिका पालकांना बोलावून आपली शिफारस सांगतात, पालकांनी पटत नसेल तर तसं सांगायचं. म्हणजे नऊ-दहा वर्षांच्या पोराचा निकाल लागतो आणि तोंडी परीक्षा आईबापांची होते. आमच्या मंडळात गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाआधी हाच विषय असायचा. ‘‘तुमची कुठे?’’ ‘‘गिम्नाझियम.’’ ‘‘वा.’’ एखाद्यानं ‘‘रेआलशूल’’ म्हटलं, की त्याला मोदक जरा जास्त दिले जायचे.

मी घरी आल्यावर बूट काढायच्या आत विचारायचो, ‘‘किती?’’ जर्मनीत एक हा सर्वांत चांगला गुण. हे मला ठाऊक नव्हतं तेव्हा रेवाला पहिला ‘एक’ मिळाल्यावर मी तिला रागावलो होतो. नंतर कळलं, पण ‘किती?’ सुटलं नाही.

रेवा चौथीत असताना मेधाला पुण्याला जावं लागलं, तिच्या आईचं ऑपरेशन होतं. मेधानं इथे वर्ग लावून जर्मन नीट शिकून घेतलं होतं. शाळेतली बोलणी तीच करायची. त्या वेळी मी एकटाच गेलो. रेवा शेजारच्या खुर्चीत. शिक्षिका तरुण होत्या, हसऱ्या होत्या, खूप वेळ बोलल्या. मध्येमध्ये थांबून माझ्याकडे बघायच्या. मी म्हणायचो, ‘‘जा. जा, गेनाऊ.’’ निघताना त्यांनी हात मिळवला. बाहेर येऊन मी रेवाला आइस्क्रीम घेऊन दिलं. म्हटलं, ‘‘किती गोड बोलल्या ग बाई. खूश आहेत तुझ्यावर.’’ रेवा आइस्क्रीम खात राहिली. पोरगी मुळात कमी बोलायची, माझ्यावर गेली होती.

त्यानंतरच्या गुरुवारी ती तळघरातून वर आली आणि जेवताना तिनं मला गोष्ट सांगितली. म्हणजे मी मराठीत विचारलं आणि ती जर्मनमध्ये बोलली, आमच्या घरचा रिवाज तसाच होता. जमेल तितकं मी पकडलं. एक बाप असतो. रोज संध्याकाळी घरी येतो, बूट काढतो, विचारतो, किती? पोर आकडा सांगतं. प्रत्येक आकड्याला बाप थोडा फुगतो. एक दिवस इतका फुगतो, की दारात अडकतो, अर्धा आत, अर्धा बाहेर. मग शेजारीपाजारी त्याच्यावर कपडे वाळत घालतात.

रेवा हसत होती. मी भात कालवत राहिलो.

मुलीनं माझी घरातली गोष्ट एका परक्या बाईला नेऊन दिली होती, आणि इमारतीतली सगळी पोरं तळघरात बसून मला हसली होती. निदान मी तसं धरून चाललो. तिला विचारलं नाही. विचारायची माझी पद्धतच नव्हती. दुसऱ्या दिवशी फ्राउ लिंडनर जिना पुसत होत्या, तिथे थांबलो आणि आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन जर्मन बोललो. ‘‘किंडर,’’ मी म्हटलं. ‘‘वाश्कुशे. फरबोटन.’’ मुलं, धुण्याची खोली, मनाई. नियमावलीत तसं होतंच. मशीनमुळे अपघात होऊ नये म्हणून लहान मुलांना तिथे बंदी.

फ्राउ लिंडनर सरळ उभ्या राहिल्या, माझ्याकडे आदरानं बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘गेनाऊ.’’

इतक्या वर्षांत तो शब्द मला कुणी पहिल्यांदा म्हणालं होतं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

आठवडा उलटायच्या आत वाश्कुशेच्या दारावर पाटी लागली. गुरुवारी रेवा खाली गेली आणि थोड्याच वेळात वर आली. पाटी बघून आली, एवढंच सांगितलं. तिच्या खोलीचं दार लागलं. तिची पाळी होती त्या दिवशी, हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी घंटी वाजली. दारात बाई. डोक्यावर रेनकोटची टोपी, हातात ओल्या कपड्यांची टोपली, तशाच. त्या बोलायला लागल्या, इंग्रजीत नाही, जर्मनमध्ये. नंतर लक्षात आलं, की जे सांगायचं ते त्यांनी दुपारी त्या पाटीपाशी रेवाकडून ऐकलं होतं, आणि रेवाच्या शब्दांतच सांगायला आल्या होत्या. मला मधूनमधून शब्द कळत होते. शाळा. मुलगी. नाही म्हणा. अजून वेळ आहे.

माझं डोकं पाटीत अडकलं होतं. मला वाटलं, बाई विचारताहेत, तक्रार तुम्ही केलीत का? आणि तरीसुद्धा मी मान डोलावत होतो. ‘‘जा,’’ म्हणत होतो. ‘‘गेनाऊ.’’ म्हणजे मी आपल्या समजुतीप्रमाणे गुन्हा कबूल करत होतो आणि तेही, तो कुठला हे न विचारता.

बाई थांबल्या. ‘‘नाइन,’’ त्या म्हणाल्या. ‘‘नॉखमाल.’’ आणि पहिल्यापासून पुन्हा सगळं सांगितलं, सावकाश, एकेक शब्द टोपलीतून काढून झटकल्यासारखा. मी त्यांच्या खांद्यावरून जिन्याकडे बघत होतो, फ्राउ लिंडनर तर ऐकत नाहीत ना. ‘‘जा, जा,’’ मी म्हटलं. ‘‘आलेस गेनाऊ. डांके.’’ सगळं अगदी बरोबर, धन्यवाद.

त्यांनी माझ्याकडे जसं बघितलं, तसं त्या तपासनिसाकडे कधी बघत नसत. त्याला तरी त्या पुन्हा विचारायच्या. मला विचारलं नाही. कमरेत वाकून नमस्कार केला आणि कपडे घेऊन वर गेल्या.

मेधा परत आली तोवर शाळेचं पत्र येऊन पडलं होतं. तिनं ते उभ्यानंच वाचलं.

‘‘रेआलशूल लिहिलंय,’’ ती म्हणाली.

‘‘काहीतरी चूक असेल.’’

‘‘पालकांशी सविस्तर चर्चा झाली, असं लिहिलंय. मुलगी शांत आहे, वर्गात बोलत नाही, तिच्यावर ताण नको, आणि वडिलांनाही हे मनापासून पटलं.’’ तिनं पत्र खाली केलं. ‘‘तू हो म्हणालास?’’

मी पाकीट उलटसुलट करून बघितलं.

‘‘अरे, तू हो म्हणालास?’’

ती शाळेत गेली, भांडली, पण सांगायची मुदत होऊन गेली होती आणि वडिलांचा होकार तिथे नोंदलेला होता. रात्री तिनं रेवाला जवळ घेऊन विचारलं, ‘‘तुला तर कळत होतं ना सगळं? मग बाबाला का नाही सांगितलंस?’’

रेवा कधी नव्हे ते मराठीत बोलली. ‘‘तो खूश दिसत होता.’’

त्या उन्हाळ्यात बाईंच्या नवऱ्याची ड्युसेलडॉर्फला बदली झाली. बदली कंपनीनं केली, आमचा त्याच्याशी संबंध नाही, असं मी स्वतःला सांगत आलोय. सामानाची गाडी निघाल्यावर फ्राउ लिंडनर फाटकापाशी उभ्या होत्या. डोळे पुसत होत्या. आता किमची कुठली मिळणार. मला बघून त्या म्हणाल्या, ‘‘तुम्हीसुद्धा आला होतात. पार्कसुद्धा. साठेसुद्धा.’’

हे जर्मन मला पहिल्या फटक्यात कळलं.

एकाच आठवड्यात तिघं बाप, एकमेकांना पत्ता लागू न देता, त्याच जिन्यात तेच तीन शब्द बोलून आले होते. तिघांच्याही पोरांनी जेवताना तीच गोष्ट सांगितली असणार आणि तिघांनाही दारात अडकलेला बाप अगदी हुबेहूब स्वतःसारखा वाटला असणार. साठ्यांशी मी हा विषय कधी काढला नाही. पुढे पंधरा वर्षं आम्ही एका टेबलावर जेवलो.

रेवा रेआलशूलला गेली. मंडळात मला मोदक जास्त मिळू लागले. पुढे ती कानाची यंत्रं बसवायचं काम शिकली, आता रेगेन्सबर्गला तिचं स्वतःचं दुकान आहे, तिचं चांगलं चाललंय, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं तिला ओळखतात. हे मी ‘शेवटी सगळं चांगलंच झालं’ म्हणून सांगत नाही. तिचं चांगलं तिनं केलं. ते माझ्या खात्यावर मांडायचा मोह मला दरवर्षी गणपतीत होतो.

गेल्या हिवाळ्यात तिनं मला एक पुस्तक पाठवलं. बाईंचं, जर्मन भाषांतर. मुखपृष्ठावर अंतराळयान. मी सवयीनं कपाटात ठेवलं. मग फोन आला.

‘‘बाबा, वाचलंस?’’ ती जर्मनमध्ये म्हणाली.

‘‘जा,’’ मी म्हटलं.

‘‘म्हणजे नाही.’’ ती हसली. ‘‘ती माझी भीती आहे. तेव्हाची. मी यान निवडलं होतं.’’

मी म्हटलं, ‘‘यान? तो दारात अडकलेला बाप... तो तुझा नव्हता?’’

‘‘तो? तो बाईंचा. त्यांचे वडील तसे होते. त्या दिवशी फी द्यायची पाळी त्यांची होती.’’ मग ती म्हणाली, ‘‘तू इतकी वर्षं ते स्वतःवर घेऊन बसलायस?’’

मग मी तिला जिन्यातलं सांगितलं. फ्राउ लिंडनर, तीन शब्द, पाटी. बाई टोपली घेऊन दारात आल्या होत्या आणि मी दोनदा मान डोलावली, तेही. मेधालाही मी हे कधी सांगितलेलं नव्हतं. बोलून झाल्यावर पलीकडे एक मशीन बीप करत होतं, दुकानातलं असावं.

‘‘माझ्याकडे दिवसभर अशीच माणसं येतात,’’ रेवा म्हणाली. ‘‘ऐकू येत नाही आणि मान डोलावतात. बायको म्हणते यंत्र बसवा, तर ह्यांची मान. मला त्यांचा राग येत नाही, बाबा. मी फक्त त्यांच्यासमोर उभी राहते आणि थांबते.’’

रात्री चष्मा लावून मी पुस्तक घेऊन बसलो. एक कप्तान असतो. परग्रहावरून संदेश येतात आणि तो प्रत्येकाला ‘हो, अगदी बरोबर’ म्हणतो. यानात एक मुलगीच अशी असते, जिला ती भाषा कळते. ते विचारतात, तुमचं इंधन नेऊ? कप्तान हो म्हणतो. तुमचा रस्ता बदलू? हो. तुमची मुलगी ठेवून घेऊ? इथवर मला शब्दकोश न उघडता कळलं. शेवटचं पान मात्र दोन-तीनदा वाचूनही पकडीत येईना. सकाळी रेवाला फोन लावला, म्हटलं, शेवट सांग.

ती भराभर जर्मनमध्ये वाचत गेली. कप्तान शेवटपर्यंत सुधारत नाही, एवढं कळलं. तो मान डोलावतच राहतो आणि मुलगी यान चालवायला शिकते. बाईंनी मला काही सूट दिली नव्हती. पण त्याच्या पुढे अजून एक लांब वाक्य होतं, मुलगी कप्तानाला उद्देशून काही म्हणते असं, आणि ते माझ्या कानावरून निसटून गेलं.

‘‘कळलं?’’ रेवानं विचारलं.

‘जा’ ओठांपर्यंत आलं होतं.

‘‘नाइन,’’ मी म्हटलं. ‘‘नॉखमाल.’’

 पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला, ती बसली असावी.

‘‘ऐक हं, बाबा,’’ ती म्हणाली, आणि सावकाश, शब्द शोधत शोधत, मराठीत सांगायला लागली.